संकेतस्थळाचे नाव आणि आपले गाव

मंडळाचे संकेतस्थळ पुन्हा सुरू करायचे, यावर कार्यकारिणीत एकमत झाले. घोडे अडले ते नावावर. तासभर चर्चा होऊन विषय पुढच्या बैठकीवर गेला. नुसत्या पत्त्यासाठी एवढा खल कशाला, असे काही सभासद म्हणाले. बेळगावात राहणाऱ्या मराठी माणसाने तरी असे म्हणू नये. सीमाभाग १ नोव्हेंबर हा काळा दिवस म्हणून पाळतो. नेमक्या त्याच तारखेला, २०१४ साली, कर्नाटकात बारा शहरांची नावे सरकारी कागदावर बदलली आणि आपले बेळगाव 'बेळगावी' झाले.

आता रोमन लिपीत नाव घ्यायचे तर अडचण उघड आहे. त्या लिपीत 'ळ' नाही. इंग्रजी अमदानीतले स्पेलिंग घ्यावे, तर ते आपल्या उच्चाराचे नाही. सरकारी घ्यावे, तर न मागता मान्यता दिल्यासारखे होते. आपल्या उच्चाराप्रमाणे लिहावे, तर 'गाव' कोणी एका 'ए'ने लिहितो, कोणी दोन, 'व'चेही तसेच. मंडळाचे पूर्ण नाव घालावे ही सूचनाही आली. नियमाने ६३ अक्षरांपर्यंत मुभा आहे, पण एवढे लांब नाव टाइप कोण करणार? मधे आडव्या रेघा घातल्या तर त्या कुठे आहेत हेही सांगत बसावे लागेल. कसोटी साधी आहे. फोनवरून एकदा सांगितलेले नाव पलीकडच्या आजोबांना बिनचूक लिहिता आले पाहिजे.

माझे मत असे. मुख्य नाव देवनागरीत घ्यावे. ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' हा शेपूट लावून मराठीत नाव नोंदवता येते. तिथे 'बेळगाव' हे 'ळ'सकट, जसे बोलतो तसेच लिहिता येईल. मात्र भाबडेपणा नको. संगणक आतून या नावाचे रोमन अक्षरांत रूपांतर करतो आणि काही ठिकाणी ते अगम्य रूपच समोर दिसते. परदेशातल्या आपल्या मुलांकडे मराठी कळफलक असेलच असे नाही. म्हणून जोडीला उच्चाराला जवळचे, आखूड रोमन नावही घ्यावे. दोन्ही दारे एकाच घरात उघडावीत.

याहून महत्त्वाची गोष्ट नाव कोणाच्या नावावर, ही. आपले पहिले संकेतस्थळ का बुडाले? एका उत्साही कार्यकर्त्याने ते स्वतःच्या ई-मेलवर नोंदवले होते. तो नोकरीसाठी बाहेर गेला, ते खाते बंद पडले, नूतनीकरणाच्या सूचना कोणी वाचल्या नाहीत, मुदत संपली आणि नाव परक्याने उचलले. दोष त्या मुलाचा नाही. विचारपूस न करणाऱ्या आपला आहे. असे नाव कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीवर मिळते, एका वेळी फार तर दहा वर्षे. नोंदणी मंडळाच्या नावे हवी, पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे हवा आणि मुदतीची तारीख खजिनदारांच्या वहीत हवी.

जमिनीच्या उताऱ्यावर नाव कोणाचे, हे आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. गावाच्या नावासाठी तर तीन पिढ्या भांडलो. तेच नाव उद्या मुदत चुकली म्हणून हातचे गेले, तर दोष द्यायला सरकारही सापडणार नाही. पुढच्या बैठकीला सभासदांनी अवश्य यावे.