कार्डावर मराठी ‘येत नाही’ म्हणे!

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयात एक जुनं पुस्तक शोधायला गेलो होतो. जुनी कार्डं वाळवीनं खाल्ली म्हणून समितीनं नवी करून घेतल्याचं कानावर होतं. खण ओढला. कार्डं पांढरीशुभ्र, छापील, बघून बरं वाटलं. मग पहिलं कार्ड वाचलं. पुस्तक मराठी, लेखक मराठी, आणि अक्षरं मात्र सगळी इंग्रजी! दुसरं तसंच, तिसरंही तसंच. अख्खा खण तसाच.

ज्यानं कार्डं छापली त्या मुलाला विचारलं. तो बिचारा सरळ म्हणाला, “सर, मराठी कार्डार येना. ल्हान कागद न्हय? अक्षरां कापतात. म्हणून इंग्लिशींत मारलें.” त्याच्यावर मी रागावलो नाही. राग आला तो समितीचा. या समितीत मीही आहे, तेव्हा पहिला चाबूक माझ्याच पाठीवर. मराठीला राजभाषा करा म्हणून दर वर्षी आम्ही ठराव घेतो. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणीला काय दिलं आणि मराठीला काय, यावर प्रत्येकाला अर्धा तास बोलता येतं. पण ‘मराठी येत नाही’ हे ऐकल्यावर ‘का येत नाही?’ असं एकानंही विचारलं नाही.

रोमी लिपीशी माझं भांडण नाही. रोमी कोंकणीला स्वतःची परंपरा आहे, तिचे लिहायचे नियम आहेत. आमच्या कार्डावरच्या रोमीला कसलेच नियम नाहीत. के, ए, एल, ए अशी चार अक्षरं घ्या. ही कला, काळा, कळा की आमच्या जत्रेतला काला? एम, ए, एल, ए म्हणजे माला, माळा, मळा की मला? सूची म्हणजे पुस्तकापर्यंत जाणारी वाट. तीच चार ठिकाणी फुटली तर पुस्तक कपाटात असून नसल्यासारखं. शिवाय अकारविल्हे लावलेल्या खणात ‘आ’ कुठं आणि ‘ळ’ कुठं शोधायचा? सत्तरीतले आजोबा येतात, खण ओढतात, दोन कार्डं चाळतात आणि न बोलता खण ढकलून निघून जातात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता ‘येत नाही’ची गोष्ट. ग्रंथालयाचं कार्ड साडेसात सेंटिमीटर बाय साडेबारा सेंटिमीटर असतं. हे माप कुणाच्या लहरीवर ठरलेलं नाही. खण त्या मापाचे, आणि खालच्या भोकातून जाणारी सळईही त्याच हिशोबाची. मशीन मात्र कागद म्हणजे ए-फोर किंवा अमेरिकेचा लेटर एवढंच गृहीत धरून बसलेलं असतं. त्याला दुसरं माप सांगावं लागतं, आणि सांगितलं तर ते ऐकतं.

वर्डमध्ये लेआउटमध्ये साइज, त्याच्या तळाशी मोअर पेपर साइझेस. तिथं रुंदी १२.५ आणि उंची ७.५ घाला. समास आटपशीर ठेवा, खाली भोकाची जागा सोडा. इथं निम्मं काम झालं, आणि इथंच सगळे फसतात. तेच माप प्रिंटरच्या खिडकीतही सांगावं लागतं. नाहीतर वर्ड कार्ड म्हणतो, प्रिंटर ए-फोर म्हणतो, आणि मजकूर भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसतो. पुष्कळ प्रिंटरांना कार्ड अरुंद बाजूनं भरवावं लागतं. छपाई आडवी आली तर प्रिंटरला रुंदी ७.५, उंची १२.५ आणि दिशा लँडस्केप सांगून बघा. कार्ड हातानं भरवायच्या फटीत ठेवा आणि बाजूच्या पट्ट्या कार्डाला चिकटवा. आधी साध्या कागदाचा तुकडा त्याच मापाला कापून त्यावर चालवून बघा, म्हणजे कार्डं फुकट जाणार नाहीत.

आणि ती कापलेली अक्षरं? त्या मुलाच्या फाइलमध्ये ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’ असं बांधून ठेवलेलं होतं. इंग्रजी अक्षराला ते पुरतं. आपल्या अक्षराला डोक्यावर रफार आणि वेलांटी, पायाशी उकार. तेच बांधलेलं अंतर ‘सिंगल’ केलं आणि विंडोजबरोबर येणाऱ्या निर्मलात अकरा पॉइंटावर शीर्षक घेतलं. रफारासकट, उकारासकट अख्खं उमटलं. तो मुलगा माझ्याकडे बघून हसला. सगळं मिळून अर्धा तास लागला नाही.

काही प्रिंटर एवढं लहान किंवा जाड कार्ड घेतच नाहीत, हे मान्य. मग ए-फोर आकाराच्या जाड कागदावर चार कार्डं छापा आणि कापा. जवळजवळ चाळीस टक्के कागद वाया जातो, पण मराठी वाया जात नाही.

समितीतले एक भाऊ म्हणाले, “आता कार्डं कोण बघतो? सगळं कंप्युटरात घाला.” भाऊ, घालूया की! पण कंप्युटरातही देवनागरीतच, आणि युनिकोडमध्ये. याआधीची आपली यादी जुन्या फाँटात होती. त्यात पडद्यावर दिसायचं मराठी, आत साठायची इंग्रजी चिन्हं. मशीन बदललं, फाँट गेला, आणि आज ती फाइल उघडली की नुसत्या रेघोट्या दिसतात. युनिकोडमध्ये तक्ता एकदा केला की मेल मर्जनं त्यातूनच कार्डं निघतात. शोधायला तक्ता, चाळायला खण. दोघांत भांडण कुठं आहे? आणि कार्डाला हसू नका. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृत महाकोशाचं काम सुरू केलं. ते उभं आहे सुमारे एक कोटी चिठ्ठ्यांवर. एका चिठ्ठीवर एक नोंद, एवढ्याच शिस्तीवर.

शेवटी एकच आठवण देतो. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली आमच्या गोव्यात आला. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्यांचं, १६१६ साली रायतूरला छापलं गेलं ते रोमी लिपीत. कारण देवनागरीचे खिळेच इथं नव्हते. त्या माणसाची अडचण खरी होती. आज चारशे वर्षांनी सगळे खिळे आमच्या टेबलावरच्या मशीनमध्ये फुकट बसलेले आहेत. तरीही आम्ही मराठी पुस्तकाचं नाव इंग्रजी अक्षरांत छापतो, आणि कारण काय, तर कागदाचं माप बदलायचा कंटाळा!

येत्या रविवारपासून आम्ही दोघं, तो मुलगा आणि मी, कार्डं नव्यानं छापायला बसतो आहोत. समितीतल्या ज्याला राजभाषेची खरी कळकळ आहे त्यानं सकाळी दहाला वाचनालयात यावं. ठराव नंतर घेऊ.