पाटी वाचा, पण विचाराही

सिंगापूरला गेलो तेव्हा मुलांना चायनीज खायचे होते. एका हॉटेलावर पाटी दिसली: 'डुकराचे मांस नाही, चरबी नाही'. आम्ही आत शिरणार, तोच अम्मी म्हणाल्या, "आधी विचारा तरी." विचारले, तर कोंबडी हलाल नव्हती आणि रश्शात तांदळाची दारू होती. मालकाने न रागावता खरे सांगितले. तिथे 'मुइस' या इस्लामी परिषदेचे हलाल प्रमाणपत्र असते, ते पाहू लागलो. सुलतान मशिदीसमोर मुर्तबक खाल्ले. दुसऱ्या दिवशी चिनी मुसलमानांच्या हॉटेलात हाताने ओढून केलेल्या लान्झोउ नूडल्स मिळाल्या. मुलांची हौसही फिटली. परगावी विचारायला लाजू नका. बिस्मिल्लाह म्हणताना मनात शंका नसावी.