‘प्लीज’ नावाचा जकात नाका

मंडळी, या शनिवारी एका लाडक्या गैरसमजावर हात साफ करायचा विचार आहे. गैरसमज असा : मराठी माणूस मुळात उद्धट, त्याच्या बोलण्यात ‘प्लीज’ नाही, म्हणून त्याला इंग्रजीतसुद्धा नीट मागता येत नाही. सॉफ्ट स्किल्सच्या ट्रेनिंगमध्ये हे ज्ञान चहा-बिस्किटांबरोबर फुकट मिळतं. उपायही ठरलेला. प्रत्येक वाक्याला एक ‘प्लीज’ चिकटवा, की झालात तुम्ही सुसंस्कृत!

माझ्या मते हे निदानही चूक आणि औषधही चूक.

जरा येरमाळ्याला चला. धाराशिव जिल्हा, कळंब तालुका, सोलापूर-धुळे हायवेवरचं गाव. येडेश्वरीचं ठाणं. चैत्री पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. देवीपुढे हात जोडून माणूस काय म्हणतो? ‘आई, पोराला नोकरी लाव.’ सरळ अरेतुरे, सरळ आज्ञार्थ, ‘कृपया’ औषधालाही नाही. याला कोणी उद्धटपणा म्हणेल? उलट ‘आई, शक्य झाल्यास नोकरी लावण्यात यावी ही नम्र विनंती’ असं म्हणून बघा. देवीला वाटेल पंचायत समितीत अर्ज आलाय :-)

तोच माणूस खाली उतरून एसटीत चढला की अनोळखी प्रवाशाला म्हणतो, ‘सरकता का जरा?’ घरी आलेल्या पाहुण्याला म्हणतो, ‘बसा की, चहा घ्या की.’ यातला ‘जरा’, ‘का’ आणि ‘की’ काढून टाका, मग कळेल ते काय काम करत होते. आणि एकट्या ‘देणे’ची रूपं बघा : दे, द्या, देशील का, द्याल का, द्यावं, देता आलं तर बघा. एवढ्या पायऱ्या, आणि एकीवरही ‘प्लीज’ नाही. आपल्याकडे अदब क्रियापदात मुरलेली असते. इंग्रजीतल्या ‘गिव्ह’ला बिचाऱ्याला तू आणि तुम्ही यातला फरकच माहीत नाही. मग त्याला बाहेरून ‘प्लीज’, ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’ अशा कुबड्या द्याव्या लागतात. यात चांगलं-वाईट काही नाही, दोन भाषांची रचना वेगळी आहे, एवढंच. पण एकीच्या कुबड्या दुसरीकडे नाहीत म्हणून दुसरीला लंगडी ठरवायचं, हा कुठला न्याय?

आता खरी गंमत. इंग्रज माणूस आत्ता, या क्षणी काहीतरी मागत असतो आणि म्हणतो, ‘आय वॉज होपिंग यू कुड...’ आशा आत्ताची, काळ भूतकाळ. का? कारण भूतकाळात ढकललेली इच्छा नाकारणं समोरच्याला सोपं जातं. ट्रेनर लोक ही खास इंग्रजी नजाकत म्हणून शिकवतात. अहो, आपल्याकडे दारात उभा राहिलेला माणूस काय म्हणतो? ‘तुमच्याकडं जरा काम होतं.’ काम आहे की होतं? आहेच, म्हणून तर आलाय! ‘म्हटलं, विचारून बघावं’ यातही तीच युक्ती. म्हणजे येरमाळ्याच्या पोराला हे व्याकरण घरबसल्या येतं, फक्त ते आपल्याला येतं असं त्याला कोणी सांगितलेलं नाही. सौजन्यावरचा ब्राऊन आणि लेव्हिन्सन यांचा गाजलेला सिद्धान्तसुद्धा एकट्या इंग्रजीवर उभा नाही. त्यांनी तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल याही भाषा तपासल्या होत्या.

ट्रेनिंगवाल्यांचं औषध तर त्यांच्याच कसोटीला उतरत नाही. ‘प्लीज सेंड द फाइल बाय फाइव्ह’ यात प्लीज आहे, तरी इंग्रजी कानाला तो हुकूमच वाटतो, कारण नाही म्हणायला जागाच ठेवलेली नाही. इंटरकॅल नावाची एक चेष्टेची प्रोग्रॅमिंग लँग्वेज १९७२ साली दोन विद्यार्थ्यांनी बनवली. तिच्यात ‘प्लीज’ कमी पडले तर कंपायलर प्रोग्रॅम नाकारतो, आणि जास्त झाले तर लाळघोटेपणा म्हणूनही नाकारतो. आमचे ट्रेनर त्या कंपायलरपेक्षाही मागे आहेत, त्यांना जास्तीचं कळतच नाही.

यात हसण्यासारखं बरंच असलं तरी किंमत मोजणारा माणूस खरा असतो. समजा, क्लायंटने लिहिलं, ‘इट वुड बी ग्रेट इफ वी कुड हॅव धिस बाय फ्रायडे.’ मराठी माध्यमातून आलेला मुलगा वाचतो : शुक्रवारी मिळालं तर छानच, नाही तर सोमवार आहेच. त्याने वाक्य अगदी बरोबर वाचलं! पण तो हुकूम होता. शिवाय ‘वी’ म्हणजे आपण की आम्ही, हे इंग्रजीत कळायला मार्ग नाही. इथे त्याचा अर्थ होता ‘तू’. शुक्रवार टळतो, आणि अप्रेझलमध्ये शेरा पडतो, ‘नीड्स टु इम्प्रूव्ह कम्युनिकेशन.’ आणि हुकूम विनंतीच्या वेषात पाठवणाऱ्याचं कम्युनिकेशन? त्याला शेरा नाही.

कोणी म्हणेल, मग इंग्रजी रीत शिकूच नये का? जरूर शिकावी. ज्याच्याशी धंदा करायचा त्याची रीत कळली पाहिजे, यात वाद नाही. पण स्टिकर नको, व्याकरण शिकवा. ‘वॉज वंडरिंग’ला आपल्याकडे ‘म्हटलं’ आहे, ‘कुड यू’ला ‘द्याल का’ आहे, असं जोडून शिकवा. एका तासाचं काम आहे. आणि जबाबदारी दोन्ही बाजूंची असू द्या. आपल्याच व्यवसायात हा प्रश्न १९९७ साली कागदावर सुटलाय. आरएफसी २११९ मध्ये मस्ट, शुड आणि मे यांचे अर्थ स्वच्छ ठरवून दिलेत. मस्ट म्हणजे केलंच पाहिजे. शुड म्हणजे सबळ कारण असेल तर टाळता येईल. मे म्हणजे तुमची मर्जी. प्रोटोकॉल लिहिताना आपण एवढे काटेकोर, आणि माणसाच्या पगारवाढीचा प्रश्न आला की ‘इट वुड बी ग्रेट’!

तेव्हा मॅनेजर मंडळींना एकच सांगणं. पुढच्या अप्रेझलमध्ये कोणाच्या नावापुढे ‘उद्धट’ किंवा ‘कम्युनिकेशन कच्चं’ असं लिहायचं असेल, तर त्याचं कुठलं वाक्य खटकलं आणि आपण त्याला कुठल्या वाक्यात काम सांगितलं होतं, ती दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहा. दोन्ही लिहिता येत नसतील, तर तो शेरा खोडा.

हे मी विनंती म्हणून लिहिलेलं नाही. मस्ट म्हणून वाचा.