आवाजाचे अंक

१९८४ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने खेड्यांसाठी डिजिटल टेलिफोन केंद्रे घडविली. अशा केंद्रात आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो. ८०००च का? टेलिफोन सुमारे ३४०० हर्ट्‌झपर्यंतचाच आवाज वाहून नेतो आणि आवाज पुन्हा उभा करायचा, तर सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा तो मोजावा लागतो. डिजिटल संकेतप्रक्रियेचा पायाच हा! प्राथमिक पुस्तके मात्र बहुधा सूत्रांपासून आरंभ करतात. घरी एकट्याने शिकणारा विद्यार्थी तिथेच पुस्तक मिटतो आणि दोष स्वतःच्या बुद्धीला देतो. हा दोष त्याचा नव्हे, मांडणीचा आहे. सूत्राआधी त्याला कागदावर एक लहर काढून तिच्यावर समान अंतराने ठिपके मांडू द्यावेत. ठिपके फार विरळ होताच ते जोडणारी भलतीच, संथ लहर दिसू लागते.