तापात प्रवास नको

गोठ्यातल्या एखाद्या जनावरास लाळ्या-खुरकूत झालेली दिसली की आपण ते वेगळे बांधतो, त्याचे चारापाणी वेगळे ठेवतो, बाजारास तर मुळीच नेत नाही. हे कोणी शिकवावे लागत नाही. पण पुण्यास किंवा बंगळूरास शिकणाऱ्या मुलाने फोनवर "अंग मोडून आलंय, ताप आहे" असे सांगितले, की आपल्या तोंडून पटकन निघते, "मग घरीच ये की!" सुट्टी तोंडावर असली तर विचारायलाच नको. मुलगा रात्रीच्या बसमध्ये बसतो आणि बंद खिडक्यांच्या गाडीत रात्रभर खोकत बेळगावास उतरतो.

यामागे माया आहे, हे आम्ही जाणतो. तरीही ही रीत सोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फ्लूची लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत ताप येतो. रोगी मात्र ताप येण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस हे दुखणे दुसऱ्यास देऊ शकतो. तरणा मुलगा आठवड्याभरात उठून कामाला लागतो. पण घरातल्या म्हाताऱ्या आजीस, दमेकरी वडिलांस, गरोदर सुनेस किंवा तान्ह्या बाळास त्याच दुखण्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. मुलगा बरा होऊन परत जातो, अंथरूण आजी धरते.

प्रवासाबरोबर साथ कशी फिरते हे आपल्या देशाने पाहिले आहे. १९१८ साली मुंबई बंदरात आलेली साथ रेल्वेच्या वाटेने गावोगाव पोचली आणि देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला व तेथील शाळा-महाविद्यालये काही दिवस बंद ठेवावी लागली. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्यात उचल खातो. गणेशचतुर्थी व नाताळ, म्हणजे मुलांच्या घरी येण्याचे दिवस, नेमके तेव्हाच पडतात.

"पण वसतिगृहात त्याला बघणार कोण?" हा प्रश्न आयांचा आहे आणि तो रास्त आहे. म्हणूनच केवळ मुलांना दोष देऊन भागणार नाही. वसतिगृहांनी आजारी मुलासाठी एक वेगळी खोली राखावी व जेवण तेथे पोचवावे. महाविद्यालयांनी तापातल्या मुलाची हजेरी कापू नये; टक्के भरण्याच्या भीतीने कितीतरी मुले तापातच परतीची गाडी धरतात. आणि गरज पडल्यास घरातील एका धडधाकट माणसाने तोंडाला मास्क लावून तिकडे जावे. ते मुलाला इकडे आणण्यापेक्षा केव्हाही बरे.

मुलाने दोन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवावे, कारण फ्लूवरील औषध पहिल्या ४८ तासांत अधिक गुणकारी ठरते. मनाने अँटिबायोटिक घेऊ नये. विषाणूवर ते चालत नाही. दम लागला, छातीत दुखू लागले, शुद्ध हरपू लागली किंवा उतरलेला ताप उलटला, तर तडक इस्पितळ गाठावे. गोळीशिवाय पुरे २४ तास ताप आला नाही, तरच प्रवासाचा विचार करावा. गोळी घेऊन उतरवलेल्या तापाचा भरवसा धरू नये.

धडधाकट मुलांनीही गाडीत शक्यतो खिडकी उघडी ठेवावी, खोकताना तोंड कोपराच्या आड धरावे, वाटेत खाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. घरातील वृद्धांना दरवर्षी फ्लूची लस देण्याबाबत डॉक्टरांस विचारावे. लसीचा गुण यायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा सुट्टीच्या आदल्या दिवशी धावाधाव करून उपयोग नाही.

सण चार दिवस उशिरा साजरा झाला म्हणून काही बिघडत नाही. पुढच्या वेळी मुलाचा फोन आला, तर "ये" म्हणण्याआधी "ताप आहे का?" एवढे आपण सर्वांनी विचारावे.