गाठोड्यातला चारमिनार

मैत्रिणींनो, मागच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाची मांडणी चालली होती. सासूबाईंनी ट्रंकेतून आजेसासूबाईंचं एक मळकं गाठोडं काढलं. आत चांदीचे सात रुपये. काहींवर राणीचा मुखवटा, काहींवर चारमिनार. मी विचारलं, "आई, हे चारमिनारवाले कुठले हो?"

"अगं, ही हाली. राणीचा तो कलदार. मी लहान होते तवा म्हातारी माणसं दोन्हीचा हिशोब करायची."

बी. ए. ला इतिहास घेतला होता मी, पण आपल्याच दिंद्रुडच्या घरात तो गाठोडं बांधून बसलाय हे ठाऊक नव्हतं! आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचं नाणं वेगळं, ते हाली सिक्का. इंग्रजी कलदारात चांदी जास्त, म्हणून सहा कलदारांना सात हाली असा भाव. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, तरी हाली लगेच गेला नाही. १९५९ साली तो कायमचा बंद झाला.

हे सांगायचं कारण वेगळंच आहे. आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या मोबाईलवर जाहिरात आली. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं द्या, लाखो रुपये घ्या! ताईंकडे ते नाणं होतं. समोरचा गोड बोलला, रिझर्व्ह बँकेचं शिक्का मारलेलं पत्रही पाठवलं. आधी 'नोंदणी फी', मग 'टॅक्स'. मुलीच्या फीचे साडेतीन हजार गेले. ताई नवऱ्याला सांगायला घाबरत होत्या. आम्ही चौघी सोबत गेलो, तेव्हा कुठे तक्रार झाली.

बायांनो, ते नाणं २०१२ साली सरकारनेच काढलं, ते काही दुर्मीळ नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट सांगितलंय, की आम्ही जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारात नाही आणि त्यासाठी फी किंवा कमिशन मागत नाही. विकत घेणारा तुमच्याकडेच पैसे मागतो, तिथंच ओळखा. फसलात तर लाजू नका, ताबडतोब १९३० ला फोन लावा.

दुसरी गोष्ट याच्या उलटी. खरी जुनी नाणी आपण अडचणीला सोनाराकडे वजनावर मोडतो. गरज कुणाला चुकली? पण मोडण्याआधी एखाद्या जाणकाराला दाखवा. चिंच लावून घासू नका, कडी डागू नका. त्यानं मोल उतरतं. शेतात नांगरताना हंडा सापडला तर मात्र तो लगेच आपला होत नाही. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

आमच्या गाठोड्यातले रुपये मी सुती कापडात ठेवलेत. वहीत सासूबाईंच्या तोंडून लिहून घेतलंय, कुठला रुपया कुणाच्या लग्नातला, कुठला बाळंतविड्यातला. आजेसासूबाईंच्या नावावर ना घर होतं ना शेत. त्यांचं म्हणावं असं एवढंच.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला आजच विचारा, "आई, तुमच्या गाठोड्यात काय आहे?" नाणं राहील हो, पण ते सांगणारी किती दिवस राहणार?