फळीवरचा सिनेमा

1982च्या एशियाडनंतर घरोघरी रंगीत टीव्ही येऊ लागले आणि पाठोपाठ गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ररी निघाल्या. अनामत भरायची, वहीत नाव लिहायचं, कॅसेट न्यायची. शनिवार-रविवारी व्हीसीआरसुद्धा भाड्याने मिळायचा. कॅसेट रिवाइंड न करता परत आली, की दुकानदार कुरकुरायचा; चित्राला मुंग्या आल्या, की हेड साफ करायला सांगायचा. पण त्याचं खरं भांडवल म्हणजे गिऱ्हाइकाची पारख. कुणाच्या घरी आजी सोबत बसते, कुणाला मारधाड चालत नाही, हे त्याला पाठ असे. केबल, स्वस्त व्हीसीडी आणि मग इंटरनेटने तो धंदा बुडवला. दुकानं गेली याची हळहळ वाटतेच; पण आज कुठल्याच ओटीटीवर न सापडणारे कितीतरी सिनेमे त्या फळ्यांवर हाताला लागत, ते दिसेनासे झाले, ही हानी मोठी. अमेरिकेत सिएटलच्या ‘स्केअरक्रो व्हिडिओ’ या अशाच दुकानाने 2014मध्ये ना-नफा संस्था होऊन आपला प्रचंड संग्रह लोकांसाठी खुला ठेवला. आपल्याकडे पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. माळ्यावर दुर्मीळ मराठी सिनेमाची कॅसेट असेल, तर भंगारात घालण्याआधी तिथे जरूर विचारा.